मागाच्या जागी

माग गेला तेव्हा फरशीत चार भोकं राहिली,
बोल्टांची.
मी तिथंच बसते.
समोर दोरीवर वाळत घातलेल्या पिशव्या,
भाजीच्या, दुधाच्या, चिरमुऱ्याच्या,
आणि पलीकडं वडगावातली आमची गल्ली,
जिथं आता दुपारी माणसांचं बोलणं ऐकू येतं.

यल्लूबाईनं शिकवलं. तिला तिच्या भाचीनं, खानापुरात.
आधी धुवायची. कोथिंबिरीची माती, ताकाचा वास,
एकदा तर कोपऱ्यात एकच मटकी निघाली, मोड आलेली.
मग तळहातानं हवा घालवायची,
रुसून फुगलेल्या पोराची समजूत काढावी तशी.
वरचे बंद कापायचे, खालची शिवण कापायची,
मधल्याच्या दोन-दोन बोटं पट्ट्या.
पट्टी उलगडली की कडं.
कड्यात कडं घालून ओढायचं, पण जपून.
जास्त ओढलं तर तुटतं,
कमी ओढलं तर गाठ बोंडासारखी वर राहते
आणि क्रोशाची सुई नेमकी तिथंच अडते.

ही काय सुताची रीत नव्हे, मी म्हटलं.
तीस वर्षं कांड्या भरल्या मी,
तार तुटली की अंधारात बोटांना कळायचं.
हे तर खुसखुसतंय, निसटतंय, घाम पीत नाही.
पहिली चटई गोल घातली,
तिच्या कडा वर वळल्या, झाली टोपली.
यल्लूबाई हसून हसून भिंतीला टेकली:
‘घरं वाढवायला विसरलीस की ग!
गोल मोठा व्हायचा तर
दर फेरीला सहा घरं जास्तीची लागतात.’

काळ्या पिशव्या बाप्यांनी पुरवल्या.
कशातून काय आणलं, आम्ही विचारलं नाही.
काठाला काळा बरा.

आमचे मामंजी काठाला तार दुहेरी घ्यायचे.
ओढ सगळी तिथंच बसते म्हणायचे.
अंग विरलं तरी काठ राहतो,
जुन्याचा काढून नव्याला लावायचो आम्ही.
पेपरात सीमेचं काही आलं की मला हेच आठवतं.
बाकी त्यातलं मला कळत नाही.

एका पिशवीवर साडीच्या दुकानाचं नाव होतं,
या अंगाला मराठी, त्या अंगाला कानडी.
कात्रीनं दोन्हीचे तुकडे केले.
चौथ्या फेरीत कुठंतरी आता एक वेलांटी आहे,
तिच्यात अडकलेलं कानडीचं तलकट्टू.
बाळव्वा चष्मा लावून शोधत बसली,
‘इल्ले इत्तु,’ म्हणाली. इथंच होतं.

तिच्या दिराच्या शेतात गेल्या साली नाल्याचं पाणी शिरलं,
उतरलं तेव्हा लोंब्यांपेक्षा पिशव्याच जास्त.
त्याही आणल्या आम्ही, पोतंभर.
तीन पाण्यांनी धुतल्या, वास गेला नाही.
त्यांची पायपुसणी केली.

मुलगा विचारतो,
गिऱ्हाईक विचारतंय, हे किती दिवस टिकतं?
माझं लग्नातलं लुगडं घडीवरच फाटलं,
हात लावला तर रेशमाची भुकटी.
मी मनात हिशेब घातला:
माझ्यानंतर, त्याच्यानंतर,
त्याच्या पोरांच्या पोरांनंतर…
सूत असतं तर छाती काढून सांगितलं असतं.
आता नुसतं म्हटलं,
टिकतं की.

शुक्रवारपर्यंत बारा बैठका द्यायच्यात
आणि पांढऱ्या पिशव्या संपल्यात.
बंदी आल्यापासून भाजीवाली कागदात बांधून देते.
बरंच झालं म्हणायचं,
की काय म्हणायचं…

दारात बाळव्वा.
पदराखाली तिच्या
काहीतरी खुसखुसतंय.